व्याधीचे श्रेय

मनुष्याच्या उपदेशबुद्धीला आजाऱ्याची खाट दिसली म्हणजे जितके भरते येते, तितके दुसऱ्या कोणत्याही स्थळी येत नसेल. निरोगी मनुष्य रुग्णाच्या उशाशी बसतो, प्रकृतीची चौकशी करतो, औषधांची नावे विचारतो, आणि थोड्याच वेळात त्याच्या मुखातून कोणा तरी थोर पुरुषाचे चरित्र बाहेर पडू लागते. हा अपराध आमच्याही हातून घडलेला आहे. आणि त्या प्रसंगी आम्हांस जे उत्तर मिळाले, त्यामुळेच प्रस्तुत निबंध लिहिणे आम्हांस प्राप्त झाले आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी ह्या गावी आमचा एक जुना विद्यार्थी राहतो. त्याचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीचा नाद ज्या प्रदेशाच्या कानांत अजून घुमत आहे, त्या प्रदेशात भजनी मंडळ नाही असे गाव विरळा. ह्या विद्यार्थ्याच्या गावीही तसे एक मंडळ आहे. त्यात तो पेटी वाजवतो, गातो, आणि जुन्या अभंगांना नव्या चाली लावण्याचा त्याला लहानपणापासून नाद आहे. त्या चालींपैकी दोन-तीन आम्ही ऐकल्या आहेत. त्या शिष्याविषयीच्या प्रेमामुळे गोड लागतात असे नव्हे. अपरिचित मनुष्यानेही थांबून ऐकाव्यात अशा त्या आहेत.

ह्या तरुणाला सिकलसेलचा आजार आहे. विदर्भातील वाचकांस ह्या आजाराचे नाव नवीन नाही. आईबापांकडून रक्तातच आलेला हा दोष. तांबड्या पेशी एरवी वाटोळ्या आणि लवचिक असतात, त्या ह्या रोगात विळ्यासारख्या वाकड्या व ताठर होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात, आणि मग हाडांत, सांध्यांत, छातीत अशा कळा येतात की धडधाकट मनुष्यही हातपाय गाळील. थंडी, श्रम, तहान, साधा ताप, एवढे निमित्तही त्यास पुरते. ह्या विकृतीचे मूळ रक्तातील एका रेणूच्या घडणीत आहे, हे लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवून दिले. आज कळांचे झटके कमी करणारी औषधे आहेत, आणि १ जुलै २०२३ रोजी ह्या रोगाच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली. तथापि सामान्य रुग्णाच्या दृष्टीने पाहता हा आजार जन्माचा सोबती आहे. तो काही दिवस निजतो, पुन्हा उठतो. घर सोडून जात नाही.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही त्याच्याकडे गेलो, तेव्हा तो नुकताच अशा एका झटक्यातून उठला होता. पेटीवर कापड झाकलेले होते. महिनाभरात भजनास गेलो नाही, असे त्याने सांगितले. आम्ही तत्काळ आमची प्राध्यापकी वाणी मोकळी सोडली. कुमार गंधर्वांचे उदाहरण आमच्या जिभेवर तयारच होते: क्षयाने ग्रासलेला तरुण गवई, पुन्हा गाऊ नये असे सांगणारे डॉक्टर, देवासातील ती खाट, आणि शेवटी रोगाला लोळवून मैफलीत परतलेला विजयी पुरुष! ही कथा आम्ही बऱ्याच आवेशाने सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली आणि एवढेच म्हटले, “सर, त्यांचा आजार गेला आणि मग ते गायले. माझा तर जायचा नाही. मग मी केव्हा गायचं?”

ह्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आमच्यापाशी नव्हते. घरी परतल्यावर पुष्कळ विचार केला, तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही की, आम्ही कथाच चुकीची सांगितली होती. आणि चूक तपशिलाची असती तर तिचे एवढे वाटले नसते. कलावंत आणि व्याधी ह्यांच्या संबंधाविषयी आपल्या सुशिक्षित समाजात ज्या दोन समजुती रूढ आहेत, त्या दोन्ही त्या कथेत आम्ही नकळत गुंफल्या होत्या. पहिली समजूत अशी की, दुःखावाचून थोर कला नाही, सबब व्याधी ही कलेची एक प्रकारे जननी आहे. दुसरी अशी की, प्रतिभावंताची इच्छाशक्ती प्रबळ असली तर ती रोगास हटविते. एक समजूत व्याधीला श्रेय देते, दुसरी इच्छाशक्तीला. दोहोंचा क्रमाने विचार करू.

व्याधीच्या पोटी प्रतिभा जन्मते, ही कल्पना काही आजची नव्हे. आपल्याकडे सूर्यशतककर्त्या मयूर कवीची कुष्ठाने पीडित झाल्याची आख्यायिका आहे. सोळाव्या शतकात केरळातील मेल्पत्तूर नारायण भट्टतिरी ह्यांनी वाताने जखडलेल्या देहाने गुरुवायूरच्या देवासमोर नारायणीय रचले, असे परंपरा सांगते. परंतु ह्या कथांत आणि आधुनिक समजुतीत एक मोठे अंतर आहे, ते वाचकांनी लक्षात घ्यावे. जुन्या कथांत कवी रोग जावा म्हणून रचना करतो. रोगाने आपल्याला कवी केले असे तो कोठेही म्हणत नाही. ही दुसरी कल्पना आपण मुख्यत्वे एकोणिसाव्या शतकातील युरोपातून उचलली. त्या काळी क्षय हा कोमल, संवेदनशील, असामान्य माणसांचा रोग मानण्याची तिकडे एक चालच पडली होती. कीट्स कवी १८२१ साली रोम येथे वयाच्या पंचविसाव्या वर्षी क्षयाने वारला, आणि पुढील पिढ्यांना त्याच्या काव्यात व खोकल्यात काही आंतरिक नाते दिसू लागले. ह्या भ्रमाचा समाचार सुसान सोंटाग ह्या अमेरिकन लेखिकेने १९७८ साली एका छोट्या पुस्तकात घेतला. आणि तो घेताना ती स्वतः कर्करोगाच्या उपचारांतून गेलेली होती, हे विशेष. रोगाला रूपक केले की रोगी माणूस दिसेनासा होतो, हे तिच्या विवेचनाचे सार आम्हांस पूर्णपणे मान्य आहे.

आपल्या मराठीतले उदाहरण घेऊन ही समजूत तपासू. राम गणेश गडकरी क्षयाने वारले ते आमच्या विदर्भातच, नागपूरजवळ सावनेर येथे, २३ जानेवारी १९१९ रोजी. वय अवघे तेहतीस. ‘भावबंधन’ हे नाटक त्यांनी अखेरच्या दुखण्यात, मृत्यू अगदी जवळ आला असता पुरे केले, ही गोष्ट प्रत्येक मराठी वाचकास ठाऊक आहे आणि ती आठवली की कंठ दाटून येतो. परंतु कंठ दाटल्यावर बुद्धीनेही थोडे काम करावे. ‘प्रेमसंन्यास’ आणि ‘पुण्यप्रभाव’ ह्या नाटकांचा कर्ता, गोविंदाग्रज ह्या नावाने लिहिणारा कवी आणि बाळकराम ह्या नावाने महाराष्ट्रास पोट धरून हसविणारा विनोदकार, हा सर्व गडकरी ह्या अखेरच्या दुखण्यापूर्वीच सिद्ध झालेला होता. मग दुखण्याने त्यांना काय दिले? आम्हांस तरी एकच देणगी दिसते: अर्धवट राहिलेले ‘राजसंन्यास’. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले ते गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर. त्यातली पदे विठ्ठल सीताराम गुर्जर ह्यांनी रचून दिली. स्वतः कवी असलेल्या नाटककाराच्या नाटकाला पदे दुसऱ्याने रचावी, ह्यावरून व्याधीच्या औदार्याची कल्पना यावी. व्याधीच्या जमाखर्चात आपण जमेची बाजू मोठ्या अक्षरांत लिहितो. परंतु न लिहिलेल्या नाटकांना, न बांधलेल्या चालींना, न काढलेल्या चित्रांना त्या वहीत कोठे जागाच नसते. जे झालेच नाही त्याची नोंद कोण ठेवणार?

येथे कोणी चतुर वाचक असा आक्षेप घेईल की, “गडकऱ्यांचे असो, परंतु कुमार गंधर्वांचे काय? आजारपणात माळव्यातील लोकगीते त्यांच्या कानी पडली, त्यातून त्यांना नवे राग सुचले. व्याधी नसती तर हे कोठून घडते?” आक्षेप विचारार्ह आहे, म्हणून वृत्तान्त थोडा विस्ताराने पाहिला पाहिजे.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली ह्यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे झाला. कुमार गंधर्व ही पदवी त्यांना बालपणीच मिळाली, आणि पुढे मुंबईस प्रो. बी. आर. देवधर ह्यांच्या विद्यालयात त्यांचे खरे शिक्षण झाले. १९४७ साली त्यांचा भानुमती कंस ह्यांच्याशी विवाह झाला, आणि लवकरच क्षयाने गाठले. कोरडी हवा मानवेल म्हणून १९४८ च्या जानेवारीत त्यांना देवासास नेण्यात आले. पुढे सुमारे पाच वर्षे गाणे बंद. खाटेवर पडल्या पडल्या पाखरांचे आवाज, रस्त्याने जाणाऱ्या भिकाऱ्यांची व जोगड्यांची गाणी, लग्नसराईतील बायकांची गीते कानी येत. त्या गीतांचा त्यांनी पुढे पद्धतशीर संग्रह केला. लोकधून हेच रागाचे बीज आहे ही दृष्टी त्यांना लाभली, आणि त्या दृष्टीतून त्यांनी बांधलेल्या रागांना धुनउगम राग असे नाव मिळाले. मालवती, सहेली तोडी, लगनगांधार ही त्यांच्या रागांची नावे रसिकांच्या ओठांवर आहेत. त्यांच्या बंदिशींचा संग्रह ‘अनूपरागविलास’ १९६५ साली प्रसिद्ध झाला.

आता प्रश्न असा की, ह्या सर्वांचे कारण व्याधी होय काय? आमच्या नैयायिकांनी कारणाची चर्चा करताना एक मजेदार उदाहरण दिले आहे. घट निर्माण होण्यास माती लागते, कुंभार लागतो, चाक लागते, काठी लागते. ही सारी कारणे. परंतु ज्या गाढवाच्या पाठीवरून ती माती आली, ते गाढव घटाचे कारण मानावयाचे काय? नैयायिक म्हणतात, नाही. ते अन्यथासिद्ध होय. म्हणजे ते हजर होते खरे, पण त्याच्यावाचून घट अडला नसता. माती दुसऱ्या वाहनाने आली असती. कुमारांच्या चरित्रात व्याधीचे स्थान ह्या गाढवाचे आहे, असे आम्ही म्हणतो. ती त्यांना देवासापर्यंत घेऊन आली हे खरे. परंतु त्याच वर्षांत हिंदुस्थानातील क्षयरुग्णालयांच्या व्हरांड्यांत असंख्य रुग्ण निजून होते, आणि त्यांनीही पाखरे व भिकारी ऐकलेच असतील. त्या सर्वांना मालवती दिसली नाही. ज्या कानाने रस्त्यावरील धुनेत राग ओळखला, तो कान देवधरांच्या शाळेत तयार झाला होता आणि त्याहूनही आधी बेळगावच्या मातीत. व्याधीने सवड दिली असे म्हणावे, तर सवड देण्याचे पुष्कळ कमी क्रूर मार्ग जगात आहेत.

इतके झाल्यावर दुसरी समजूत पुढे येते: “बरे, व्याधीला श्रेय नको. पण ज्या इच्छाशक्तीने रोगास जिंकले तिला तरी श्रेय द्याल की नाही?” ही समजूत पहिलीहून अधिक प्रतिष्ठित आहे, आणि आमच्या मते अधिक घातकही आहे.

गडकरी आणि कुमार गंधर्व ह्या दोघांना एकच रोग झाला. दोघेही तरुण, दोघेही अलौकिक बुद्धीचे, दोघेही आपल्या कलेसाठी प्राण पाखडणारे. एक सावनेरास वारला, दुसरा त्यानंतर सुमारे चाळीस वर्षे गायला. ह्या दोहोंत इच्छाशक्तीचे अंतर होते काय? मरणाच्या दारी बसून नाटक पुरे करणाऱ्या पुरुषाची इच्छा दुर्बळ होती असे कोण म्हणेल? दोघांमधले अंतर इच्छेचे नव्हे, तीस वर्षांचे आहे. त्या तीस वर्षांत, १९४३ साली, अमेरिकेतील वॅक्समन ह्यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ ह्या तरुण संशोधकाला मातीतील एका सूक्ष्म जीवापासून स्ट्रेप्टोमायसिन हे औषध सापडले. क्षयाच्या जंतूंवर परिणामकारक ठरलेले ते पहिले प्रभावी औषध. कुमार ते औषध मिळण्याच्या काळात आजारी पडले. गडकरी त्याच्या पाव शतक आधी. एवढ्या साध्या गोष्टीचा उच्चार न करता ‘जिद्दीने रोगावर मात’ असे जेव्हा आपण लिहितो, तेव्हा जे वाचले नाहीत त्यांच्यावर आपण एक मूक आरोप करीत असतो: त्यांची जिद्द कमी पडली. मृताला उत्तर देता येत नाही. आणि खाटेवरील जिवंत रुग्ण तो आरोप मुकाट्याने आपल्या अंगावर घेतो.

श्रेयाचा हिशेब करावयाचाच तर तो नीट करावा. त्यात औषध शोधणारा आहे, कोरड्या हवेचा सल्ला देणारा डॉक्टर आहे, परक्या गावी आसरा देणारे स्नेही आहेत, आणि सर्वांच्या आधी भानुमतीबाई आहेत. विवाहाला वर्षही पुरे होत नाही तोच पतीच्या ह्या दुखण्याची शुश्रूषा त्यांच्या वाट्यास आली. त्या स्वतः गायिका होत्या. १९६१ साली त्यांचे देहावसान झाले. पतीच्या नव्या गाण्याची कीर्ती पसरू लागली होती, तेव्हाच त्या गेल्या. रुग्ण कलावंताच्या चरित्रात शुश्रूषा करणाऱ्या माणसाला एक ओळ मिळते, आणि तीही ‘समर्थ साथ’ ह्या ठरावीक शब्दांची. परंतु रात्री उठून औषध देणारी जी व्यक्ती आहे, तिचे स्वतःचे गाणे त्या वर्षांत कोठे गेले, ही विचारपूस कोणी करीत नाही. इच्छाशक्तीचा पोवाडा गाण्यात हा दुसरा अन्याय आहे. तो अनेकांचे श्रम एकाच्या नावावर जमा करतो.

येथवर आम्ही केवळ नकारच दिला. व्याधीला श्रेय नाही, केवळ इच्छेलाही नाही. मग कलावंताचे स्वतःचे असे ह्यात काही उरते की नाही? उरते, आणि जे उरते ते आम्हांस ह्या दोन्ही मोठ्या शब्दांहून अधिक मोलाचे वाटते. त्याला आम्ही प्रमाणबुद्धी म्हणू.

आता आमच्या विद्यार्थ्याला सांगितलेल्या कथेतील चूक दुरुस्त करण्याची वेळ आली आहे. कुमारांचा आजार गेला आणि मग ते पूर्ववत गाऊ लागले, असे घडलेच नाही. जंतू गेले, पण एक फुफ्फुस कायमचे निकामी करून गेले. १९५३ च्या सुमारास ते मैफलीत परतले तेव्हापासून १२ जानेवारी १९९२ रोजी देवासास त्यांचा अंत झाला तोवर, ते सारे गाणे अपुऱ्या श्वासाचे आहे. म्हणजे तो विजयाचा वृत्तान्त नसून सुमारे चाळीस वर्षांच्या सहवासाचा आहे. त्यांच्या गायकीतील आखूड, धारदार स्वरवाक्ये, मध्येच येणारी स्तब्धता, द्रुत लयीतील झेप ह्यांविषयी जाणकारांत पुष्कळ वाद झाले आहेत. कोणी ते श्वासाच्या उणिवेचे फळ मानतात, कोणी म्हणतात की त्यांच्या बुद्धीचा ओढाच मुळात तिकडे होता. ह्या वादाचा निकाल देण्याचा अधिकार आमचा नाही. एक गोष्ट मात्र सामान्य श्रोत्यालाही दिसते. ते गाणे ऐकताना, ‘हे एका फुफ्फुसाचे आहे, तेव्हा जरा सांभाळून घ्या’ अशी याचना त्यात कोठेही ऐकू येत नाही. आहे तेवढा श्वास हेच ज्याचे पूर्ण माप, असे गाणे त्यांनी घडविले. ऋतूंच्या गीतांचे कार्यक्रम, बालगंधर्वांच्या गायकीचे दर्शन, कबीर व तुकाराम ह्यांची पदे, भा. रा. तांब्यांची गीते हे सारे त्यांनी त्या मापातच केले.

असेच प्रमाण अन्यत्रही दिसते. रेन्वार ह्या फ्रेंच चित्रकाराची बोटे संधिवाताने वाकडी झाली होती. त्याच्या हाताला कुंचला बांधून देत, असे लोक सांगतात. खरी गोष्ट एवढी की, कातडी सोलू नये म्हणून हाताला पट्टी गुंडाळीत आणि आखडलेल्या बोटांत कुंचला धरवून देत. तो १९१९ साली, म्हणजे गडकरी गेले त्याच वर्षी वारला, आणि अखेरपर्यंत रंगवीत होता. मातीस ह्या दुसऱ्या चित्रकाराच्या पोटावर १९४१ साली मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्याचा बराच काळ खाटेवर व चाकांच्या खुर्चीत गेला. तेव्हा त्याने कात्री हाती घेतली. सहायकांनी रंगवून दिलेले कागद तो कापी, आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे ते भिंतीवर डकविले जात. ती कात्रणे आज त्याच्या तैलचित्रांच्या शेजारी बरोबरीने मांडली जातात. ह्या उदाहरणांत आम्हांस शौर्यापेक्षा व्यवहारज्ञान अधिक दिसते. उभे राहता येत नाही ना? मग बसून होईल असे काय? बोट वळत नाही ना? मग मनगटाने होईल असे काय? हे प्रश्न नम्र आहेत. पण ते विचारण्यास, गेलेल्या शक्तीचा शोक बाजूस ठेवावा लागतो आणि ती परत येण्याची वाट पाहणे सोडावे लागते. जुनाट व्याधीत ‘बरे झाल्यावर’ हा शब्दच फसवा आहे.

आणि ह्या प्रमाणबुद्धीतच मौनाचाही समावेश होतो, हे आम्ही मुद्दाम सांगतो. कुमार सुमारे पाच वर्षे गायले नाहीत. डॉक्टरांनी मना केले होते, आणि त्यांनी ते मानले. आमच्या कथेत ही वर्षे केवळ नायकाच्या संकटाची म्हणून येतात. जणू खरे चरित्र ती संपल्यावर सुरू होते. परंतु ज्याचे सर्वस्व गाणे, त्याने गळा मिटून पडून राहावे आणि कान मात्र उघडे ठेवावे, हे गाण्याइतकेच कठीण कर्म आहे. पेटीवर कापड झाकलेला महिना हा पराभवाचा महिना मानण्याचे कारण नाही.

ह्यावर एक शेवटचा आक्षेप राहतो, आणि तो आम्हांस खरोखर अवघड वाटतो. कित्येक रुग्ण स्वतःच म्हणतात की, “ह्या दुखण्याने मला शहाणे केले, हे नसते तर मी असा घडलो नसतो.” त्यांना आम्ही काय सांगावे? त्यांच्या तोंडावर नैयायिकांचे गाढव उभे करावे काय? मुळीच नाही. आपल्या दुःखाला अर्थ देण्याचा अधिकार ज्याचे दुःख त्याचा आहे. तो अर्थ त्याने रात्रीच्या रात्री जागून मिळविलेला असतो, आणि त्यात तर्काने ढवळाढवळ करणे हे असभ्यपणाचे होय. परंतु तेच वाक्य निरोगी मनुष्याने रुग्णास म्हटले की त्याचा अर्थ पालटतो. “माझे दुखणे मला फळले” ही कृतज्ञता असू शकेल. “तुझे दुखणे तुला फळेल” ह्यात मात्र कृतज्ञता राहत नाही, ती एक मागणी होते. त्या मागणीमागे, खरे सांगावयाचे तर, आमचीच सोय दडलेली असते. रुग्ण जर आपल्या दुःखातून काही सुंदर निर्माण करीत असेल, तर त्याच्या दुःखाकडे पाहणे आम्हांस सुसह्य होते. औषध, पैसा, वेळ आणि सोबत ह्यांचे आमच्याकडील देणे थोडे हलके झाल्यासारखे वाटते. घाटंजीच्या त्या खोलीत आम्ही जे चरित्र सांगितले, ते त्या तरुणाच्या धीरासाठी किती आणि आमच्या मनाच्या समाधानासाठी किती, हा प्रश्न आम्ही स्वतःस विचारला आहे. उत्तर आम्हांस भूषणावह नाही.

तसेच, ज्या रुग्णाच्या हातून काहीच निर्माण होत नाही त्याचे काय? व्याधिग्रस्तांतील बहुतेक माणसे गवई नसतात, नाटककार नसतात. ती दिवस काढतात. कलावंताच्या स्तुतीत आपण जर असे सूचित करू लागलो की दुखण्याचे सार्थक निर्मितीत आहे, तर ह्या माणसांचे दुखणे निरर्थक ठरते, आणि त्यांचे जीवितही. असे फळ देणारी स्तुती नीतीच्या कसोटीस उतरत नाही. कुमारांचे गाणे मोठे आहे ते गाणे म्हणून मोठे आहे. गडकऱ्यांचे ‘भावबंधन’ आपण वाचावे ते नाटक म्हणून वाचावे. त्या कृतींना त्यांच्या कर्त्यांच्या तापमानाच्या तक्त्याची शिफारस लागत नाही.

फाल्गुनात आम्ही पुन्हा घाटंजीस गेलो. ह्या वेळी कोणाचेही चरित्र बरोबर न नेण्याचा आमचा निश्चय होता. तेथे गेल्यावर कळले की, भजनी मंडळाने थंडी पडल्यापासून आपली रात्रीची बैठक दुपारी उन्हात, देवळाच्या ओट्यावर भरविण्यास सुरुवात केली होती. कारण कोणी बोलून दाखविले नव्हते. कापसाच्या हंगामात दुपारची वेळ काढणे शेतकऱ्यांस किती अवघड असते, हे त्या प्रदेशात राहिलेल्यास सांगावयास नको. तथापि त्यांनी ती काढली, आणि थंडी सरली तरी वेळ तशीच ठेवली. आमच्या विद्यार्थ्याजवळ पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला होता. त्याने दोन अभंग म्हटले. त्यांपैकी एकाची चाल नवीन होती. मार्गशीर्षात, पेटीवर कापड असताना, ती मनात जुळली असे त्याने मागाहून सांगितले. चालीत लांब ओढणी नव्हत्या. ओळ दोन ठिकाणी तुटत होती, आणि त्या तुटलेल्या जागी खंजिरीला बोलण्यास वाव ठेवला होता. तिसऱ्या अभंगाच्या वेळी त्याने पेटी शेजारच्या मुलाकडे सरकविली आणि स्वतः टाळ धरला.

‘मग मी केव्हा गायचं?’ ह्या त्याच्या प्रश्नाचे उत्तर आमच्याआधी त्या मंडळाने दिले होते, आणि त्यानेही. आम्ही ओट्याच्या कडेला बसून शेवटपर्यंत ऐकत राहिलो.